तक्त्यातले बंगळूर

सन 2002 च्या मे महिन्याच्या 31 तारखेस, शुक्रवारी, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने भारतात वास्तव्य करून असलेल्या आपल्या नागरिकांना हा देश सोडून जाण्याचा निकडीचा सल्ला दिला, ब्रिटननेही आपल्या लोकांना त्याच आशयाची सूचना केली, आणि वाघ्याच्या सरहद्दीपासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या, पावसाळ्याची वाट पाहत बसलेल्या बंगळूर शहरातल्या संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्यांत परदेशी ग्राहकांची विचारणा सुरू झाली. ज्या बँकांचे हिशेब, ज्या विमा कंपन्यांची दप्तरे आणि ज्या कारखान्यांची मालवाहतूक या शहरातील अभियंते रात्रंदिवस सांभाळीत होते, त्यांच्या चालकांना एवढेच जाणून घ्यायचे होते, की युद्ध पेटले तर आपले काम कुठे आणि कोण करणार. प्रश्न व्यापाऱ्याला शोभेसा होता. त्यात दुष्टावा नव्हता. पण एका महानगराच्या संभाव्य विनाशाची वार्ता त्या महानगराला प्रथम कामाच्या खोळंब्याच्या रूपाने कळावी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते, आणि त्या उन्हाळ्याची हकिकत लिहिण्यास बसलो आहे तो मुख्यतः तिच्यामुळेच.

बंगळूरला युद्ध अपरिचित नव्हते. विजापूरच्या रणदुल्लाखानाने 1638 मध्ये हे ठाणे केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, म्हणून मराठी माणसाला या शहराचे नाव परके वाटत नाही. 1791 च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूकडून ते घेतले, तेव्हा 7 तारखेला पेठ पडली आणि 21 तारखेला किल्ला. या दोन तारखांमध्ये चौदा दिवसांचे अंतर आहे. त्या चौदा दिवसांत माणसे मेली, घरे लुटली गेली, पण ज्याला पळता येणे शक्य होते त्याला पळण्याइतका, आणि ज्याला तहाचे बोलणे लावायचे होते त्याला खलिता धाडण्याइतका अवधी होता. याउलट एम. व्ही. रमणा, आर. राजारामन आणि झिया मियाँ या शास्त्रज्ञांनी 2004 साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दाखवून दिले, की भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये क्षेपणास्त्र सुटल्यापासून पडेपर्यंत, अंतराप्रमाणे, सुमारे 8 ते 13 मिनिटे लागतात. तेवढ्यात धोक्याची वर्दी यायची, ती खरी की खोटी हे पारखायचे, प्रधानमंत्र्यांना उठवायचे आणि त्यांनी काय ते ठरवायचे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. 13 डिसेंबर 2001 रोजी दिल्लीत संसद भवनावर सशस्त्र हल्ला झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत भारताने ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने आपली फौज पश्चिम सरहद्दीवर नेऊन उभी केली. पाकिस्तानची फौज समोर आली, आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे दहा लक्ष सैनिक राजस्थानच्या वाळूपासून काश्मीरच्या बर्फापर्यंत दहा महिने एकमेकांच्या दृष्टिपथात राहिले. जानेवारीत जनरल मुशर्रफ यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून दहशतवाद्यांना आवर घालण्याचे वचन दिले, तेव्हा प्रकरण निवळेल असे वाटले. परंतु 14 मे रोजी जम्मूजवळ कालूचक येथे लष्कराच्या वसाहतीत शिरून हल्लेखोरांनी जवानांच्या बायकामुलांना ठार केले, आणि देशाचा संताप अनावर झाला. 22 मे रोजी अटलबिहारी वाजपेयी यांनी कुपवाड्याला जवानांपुढे निर्णायक लढाईची भाषा केली. 25 ते 28 मे या चार दिवसांत पाकिस्तानने तीन क्षेपणास्त्रांच्या चाचण्या उरकल्या. अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाचा एक अंदाज त्याच सुमारास वृत्तपत्रांत आला. दोन्ही देशांनी आपली अण्वस्त्रे एकमेकांवर टाकली, तर 90 लक्ष ते 1 कोटी 20 लक्ष माणसे तत्काळ मरतील, असे त्यात म्हटले होते.

या सर्व घडामोडींच्या केंद्रस्थानी जे भारतीय पुढारी होते, त्यांच्यापैकी एकाचा बंगळूरशी संबंध होता, आणि मुंबईशी तर त्याहूनही गाढ. जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म 1930 सालचा, मंगळूरचा. वडिलांनी त्यांना सोळाव्या वर्षी धर्मगुरू करण्यासाठी बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत पाठवले. तिथे वरिष्ठ धर्मगुरू उंच टेबलांवर बसून चांगलेचुंगले जेवतात आणि शिकाऊ मुलांच्या पानात निराळे अन्न पडते, हे पाहून त्यांचे मन उडाले, आणि अडीच वर्षांनी ते बाहेर पडले. 1949 मध्ये ते मुंबईस आले, चौपाटीच्या बाकांवर झोपले, गोदी कामगारांचे आणि टॅक्सीवाल्यांचे पुढारी झाले, मराठीत सभा गाजवू लागले, आणि 1967 साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य माणसाला त्यांनी पाडले. 1974 च्या मे महिन्यात त्यांनी पुकारलेल्या रेल्वे संपाने सारा देश थांबला. 8 मे रोजी संप सुरू झाला तेव्हा ते आधीच अटकेत होते, आणि ते अटकेत असतानाच 18 मे च्या सकाळी पोखरणच्या भूमीखाली भारताचा पहिला अणुस्फोट झाला. लोहियांच्या समाजवादी परंपरेतला हा मनुष्य पुढे पुष्कळ वर्षे अण्वस्त्रांच्या विरोधात बोलत राहिला. मग काळ पालटला, मित्र पालटले, आणि 1998 च्या पाच स्फोटांच्या वेळी तोच मनुष्य देशाचा संरक्षणमंत्री होता.

डिसेंबर 2001 च्या अखेरीस, फौजा सरहद्दीकडे चालल्या असताना, फर्नांडिस यांनी एका इंग्रजी दैनिकाला मुलाखत दिली. तिचा आशय असा, की भारत एखादा अणुहल्ला सोसू शकेल, त्यातून वाचेल आणि उलट प्रहार करील, मग मात्र पाकिस्तान उरणार नाही. या विधानात धाक घालण्याचा हेतू होता हे मला मान्य आहे. मंत्र्यांना संकटकाळी शत्रूला ऐकवण्यासाठी बोलावे लागते. तथापि ते वाक्य वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एक चित्रपट उभा राहिला, आणि तो उभा राहावा असे त्या वाक्यातच काही होते.

हा चित्रपट स्टॅन्ली क्युब्रिक या दिग्दर्शकाचा, ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ या नावाचा, जानेवारी 1964 मध्ये प्रदर्शित झालेला. त्याचे मूळ पीटर जॉर्ज या ब्रिटिश वायुदलातील माजी अधिकाऱ्याच्या 1958 सालच्या कादंबरीत आहे, आणि ती कादंबरी अगदी गंभीर आहे. एक डोके फिरलेला अमेरिकन सेनानी वरिष्ठांच्या हुकुमाविना रशियावर बॉम्बफेकी विमाने सोडतो, आणि ती परत कशी बोलवावीत या चिंतेत दोन्ही महासत्तांचे प्रमुख पडतात, हा तिचा विषय. क्युब्रिकने गंभीर चित्रपटच करायचे ठरवले होते. पण प्रसंग लिहिताना ज्या गोष्टी सर्वांत खऱ्या होत्या त्याच हास्यास्पद दिसू लागल्या, आणि त्या गाळाव्यात तर सत्य गळते असे त्याच्या ध्यानात आले. म्हणून त्याने काळ्या उपहासाची वाट धरली. त्या चित्रपटात एक सेनापती आपल्या राष्ट्राध्यक्षाला धीर देतो, की आपण आताच पुढाकार घेऊन हल्ला केला तर आपली फार तर एक ते दोन कोटी माणसे मरतील. सेनापती हे अत्यंत प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्यापुढे कागद आहेत, त्यावर आकडे आहेत, आणि आकड्यांवर त्याचा विश्वास आहे.

हे कागदही कल्पित नव्हते. हर्मन कान या अमेरिकन युद्धशास्त्रज्ञाने 1960 साली अणुयुद्धावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो क्युब्रिकने बारकाईने वाचला होता. त्या ग्रंथात एक तक्ता आहे. एका रकान्यात मृतांची संख्या, दुसऱ्यात देशाचा आर्थिक व्यवहार पूर्ववत होण्यास लागणारी वर्षे: वीस लक्ष मेले तर एक वर्ष, एक कोटी मेले तर पाच वर्षे, चार कोटी मेले तर वीस वर्षे, सोळा कोटी मेले तर शंभर वर्षे. कान हा बुद्धिमान मनुष्य होता, आणि भयंकर गोष्टींकडे डोळे मिटून पाहू नये, हे त्याचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. पण त्या तक्त्याने एक अपाय केला, तो असा, की मृत्यूला त्याने अंदाजपत्रकाची भाषा दिली, आणि एकदा ती भाषा रूढ झाली म्हणजे एक कोटी आणि दोन कोटी यांतला फरक हा एका माणसाच्या मरणाहून मोठा विषय होऊन बसतो. क्युब्रिकने तो तक्ता घेऊन एका सेनापतीच्या तोंडी घातला, आणि प्रेक्षक हसले. हसता हसता पुष्कळांना प्रथमच कळले, की हे लोक असेच बोलतात.

चित्रपटावर त्या वेळी असा आक्षेप घेण्यात आला, की असे घडणे अशक्य आहे. राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमाविना अण्वस्त्र सुटूच शकत नाही. पुढे काही दशकांनी अमेरिकन सरकारची गुप्त दप्तरे खुली झाली, तेव्हा निष्पन्न झाले, की आयझेनहॉवर यांनी विशिष्ट परिस्थितीत काही सेनानींना असा अधिकार आधीच देऊन ठेवला होता. चित्रपटात रशियनांनी एक यंत्र बांधलेले आहे, जे हल्ला होताच मानवी इच्छेवाचून जगाचा संहार करते. 1980 च्या दशकात सोव्हिएत संघाने ‘परिमीटर’ नावाची व्यवस्था खरोखरच उभारली, जिचा हेतू सारे पुढारी मारले गेले तरी प्रतिहल्ला सुटावा हा होता. उपहासकाराने अतिशयोक्ती केली असे ज्यांना वाटले, त्यांना वस्तुस्थिती ठाऊक नव्हती.

क्युब्रिकच्या चित्रपटामागे क्यूबातील क्षेपणास्त्रांचे प्रकरण होते, आणि क्यूबाच्या प्रकरणाशी आपल्या देशाच्या एका दुःखद आठवणीचा योग जुळलेला आहे, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. ऑक्टोबर 1962 मध्ये केनेडी आणि क्रुश्चेव्ह यांनी तेरा दिवस जग कड्यावर उभे केले, त्याच दिवसांत, 20 ऑक्टोबर रोजी, चिनी फौजा हिमालय ओलांडून आत आल्या. 27 ऑक्टोबर हा क्यूबाच्या प्रकरणातील सर्वांत भयंकर दिवस. त्या दिवशी समुद्रात पाण्याखाली कोंडलेल्या एका सोव्हिएत पाणबुडीतून अण्वस्त्र सुटण्याची वेळ आली होती, आणि वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याच्या नकारामुळे ते सुटले नाही, असे पुढे उघड झाले. आपल्या घराघरांत त्या दिवशी ईशान्य सरहद्दीवरील नेफाची चिंता होती. 21 नोव्हेंबर रोजी, चीनने युद्धविराम जाहीर केला त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. मराठी माणसाला तो दिवस हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याचा म्हणून आठवतो. त्याच्या आगेमागे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस काय टळले, हे आम्हाला कितीतरी उशिरा समजले.

त्या काळच्या आपल्या राज्यकर्त्यांचा उपहासाशी काय व्यवहार होता, हे येथे सांगितले पाहिजे. म्हैसूरला जन्मलेले आर. के. लक्ष्मण मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रे काढीत, पण त्यांची प्रारंभीची काही चित्रे डॉ. एम. शिवराम यांनी 1942 मध्ये काढलेल्या ‘कोरवंजी’ या बंगळूरच्या कन्नड विनोदी मासिकात छापून आली होती. चीनच्या युद्धानंतर त्यांनी नेहरूंवर एक बोचरे चित्र काढले. ते पाहून खुद्द नेहरूंनी दूरध्वनी करून त्या चित्राची मोठी, स्वाक्षरी केलेली प्रत मागितली, असे लक्ष्मण यांनी सांगितले आहे. त्याआधी 1948 मध्ये ‘शंकर्स वीकली’चे उद्घाटन करताना त्याच नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना आपल्यालाही न सोडण्याची विनंती केली होती. पराभवाच्या छायेतला प्रधानमंत्री आपल्यावरील चित्र मागून घेतो, यात त्या माणसाचा मोठेपणा तर आहेच, पण त्याहून अधिक एका राज्यव्यवस्थेचे आरोग्य आहे. ते आरोग्य पुढे टिकले नाही.

11 मे 1998 ही बुद्धपौर्णिमा होती. त्या दिवशी आणि 13 मे रोजी पोखरणला मिळून पाच स्फोट झाले, आर. चिदंबरम आणि अब्दुल कलाम यांच्या समवेत त्या कार्यात आपले अनिल काकोडकरही होते. शास्त्रज्ञांच्या कर्तबगारीविषयी मी एक शब्दही उणा काढणार नाही. परकीयांनी दारे लावून घेतली असताना त्यांनी स्वतःच्या बुद्धीने ते ज्ञान संपादन केले. माझे मन अडखळते ते त्यानंतरच्या रस्त्यांवर. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, पोखरणची माती देशभर फिरवावी आणि तेथे शक्तिपीठ बांधावे अशा सूचना जाहीरपणे पुढे आल्या. 28 मे रोजी पाकिस्तानने चागईच्या डोंगरात स्फोट केले तेव्हा तिकडेही हेच झाले आणि त्या डोंगराच्या प्रतिकृती चौकाचौकांत उभ्या राहिल्या. दयेचा उपदेश करणाऱ्या महापुरुषाच्या जन्मदिनी हे घडावे, याचे शल्य विशेषतः आंबेडकरांच्या मार्गाने बुद्धाकडे गेलेल्या महाराष्ट्रातील लोकांना वाटले, आणि ते त्यांनी बोलून दाखवले. बंगळूरलाही विरोधाचा स्वर होता. भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य वेचलेले, खेड्यांना चूल आणि ऊर्जा कशी पुरवावी याचा ध्यास घेतलेले प्राध्यापक अमूल्य रेड्डी हे अण्वस्त्रांच्या विरुद्ध निर्भयपणे बोलत आणि लिहीत. ज्या संस्थेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होमी भाभा आणि विक्रम साराभाई दोघेही चंद्रशेखर रामन यांच्या छायेत काम करीत होते, त्याच संस्थेच्या आवारातून हा विचार निघाला, ही गोष्ट बंगळूरच्या लौकिकात भर घालणारी आहे.

या उत्सवाचे चित्रण आनंद पटवर्धन यांनी चार वर्षे खपून केले. भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका असे चार देश ते हिंडले. पोखरणजवळच्या खेतोलाई गावचे शेतकरी, जादुगोड्याच्या युरेनियम खाणींजवळचे आदिवासी, लाहोरच्या शाळकरी मुली आणि हिरोशिमाचे वाचलेले वृद्ध त्यांच्या ‘जंग और अमन’ या चित्रपटात बोलतात. पटवर्धन यांनी उपहास रचलेला नाही. पुढारी, साधू, विक्रेते जे बोलले तेच त्यांनी एकापुढे एक ठेवले, आणि ते पाहताना प्रेक्षकाला कधी हसू येते, कधी घशात काही दाटते. 2002 साली, फौजा सरहद्दीवर असतानाच, हा चित्रपट परिनिरीक्षण मंडळापुढे गेला, आणि मंडळाने अखेर एकवीस ठिकाणी काटछाट सुचवली. त्यांतील एक सूचना अशी होती, की प्रधानमंत्र्यांसह सर्व राजकीय पुढाऱ्यांची दृश्ये आणि त्यांचे बोलणे काढून टाकावे. अण्वस्त्रांवरील चित्रपटातून ती अण्वस्त्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांनाच वगळावे! नेहरूंच्या त्या दूरध्वनीपासून या सूचनेपर्यंत चाळीसच वर्षे गेली होती. पटवर्धन यांनी दाद मागितली आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकाही काटछाटीविना चित्रपट दाखवण्यास परवानगी दिली. ज्या न्यायमूर्तींनी तो निकाल दिला, त्यांचे महाराष्ट्राने ऋण मानावे, असे मला वाटते.

आता दुसऱ्या एका तक्त्याविषयी. फर्नांडिस यांची मुलाखत छापून आली त्या सुमारास चार संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतील मॅथ्यू मॅकिंझी, इस्लामाबादच्या कायदे-आझम विद्यापीठाचे ए. एच. नय्यर, आणि आधी उल्लेखिलेले झिया मियाँ व रमणा. या चौघांत एक भारतीय आणि दोघे पाकिस्तानी होते. त्यांनी दोन्ही देशांतील पाच-पाच शहरे घेतली: इकडची मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली आणि बंगळूर, तिकडची कराची, लाहोर, फैसलाबाद, रावळपिंडी आणि इस्लामाबाद. प्रत्येकावर हिरोशिमावर पडला तेवढाच एक बॉम्ब पडला तर काय होईल, याचा हिशेब त्यांनी हिरोशिमाच्याच अनुभवावरून मांडला. बंगळूरच्या ओळीत आकडे असे आहेत: स्फोटबिंदूपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणारे सुमारे 30 लक्ष 78 हजार; त्यांपैकी मृत सुमारे 3 लक्ष 15 हजार; गंभीर जखमी 1 लक्ष 75 हजार; किरकोळ जखमी 4 लक्ष 11 हजार. दहा शहरांची बेरीज 28 लक्षांहून अधिक मृतांची आहे. किरणोत्साराने पुढे मरणारे आणि आगीच्या वादळात सापडणारे यांची गणना करायची तर हे आकडे अपुरे पडतात. पाच किलोमीटर म्हणजे किती, हे बंगळूर जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. विधानसौधापासून धरले, तर कब्बन पार्क, शिवाजीनगर, चिकपेठ, मॅजेस्टिक, मल्लेश्वरम, बसवनगुडी, आणि जिथे भाभा आणि साराभाई यांनी काम केले ती विज्ञान संस्थाही त्या वर्तुळात येते.

कानचा तक्ता आणि हा तक्ता, दोन्हींत रकाने आहेत, दोन्हींत मृतांचे आकडे आहेत. पण कानने आपल्या तक्त्यात मेलेल्यांच्या समोर देश सावरण्याची वर्षे लिहिली, म्हणजे मृत्यूनंतरची सोय लिहिली, आणि नय्यर-रमणांनी शहरांची नावे लिहिली. शत्रुराष्ट्रांतले शास्त्रज्ञ एकाच कागदावर बसून लाहोरचे मेलेले आणि बंगळूरचे मेलेले सारख्याच काळजीने मोजतात, हे आपल्या उपखंडाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासातील अत्यंत उदात्त दृश्यांपैकी एक आहे, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळाली पाहिजे. त्या निबंधाला वाचक थोडे मिळाले. जून 2002 मध्ये बंगळूरच्या कंपन्यांमधून जे कागद फिरत होते ते निराळे होते: काम अखंड कसे ठेवावे याच्या योजना, परदेशात पर्यायी केंद्रे उघडण्याच्या तजविजी, ग्राहकांना धीर देणारी पत्रे.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज इस्लामाबादला गेले, घुसखोरी कायमची थांबवण्याचे मुशर्रफ यांचे आश्वासन घेऊन दिल्लीस आले, आणि तापमान उतरू लागले. त्याच महिन्यात क्षेपणास्त्रांचे शिल्पकार म्हणून ख्यातनाम झालेल्या, आणि तारुण्यात बंगळूरच्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या कलामांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले, आणि 25 जुलै रोजी ते राष्ट्रपती झाले. 16 ऑक्टोबरला फौजा मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला. युद्ध झाले नाही. तथापि सुरुंग पेरताना आणि अपघातांत शेकडो जवान गेले, आणि त्यांच्या घरी युद्ध झाल्याइतकाच अंधार पडला.

ऑगस्टमध्ये थॉमस फ्रीडमन हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्तंभकार बंगळूरला आले आणि त्यांनी एक लेख लिहिला. त्याचे सार असे, की युद्ध थांबवण्याचे श्रेय अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जनरल पॉवेल यांच्यापेक्षा जनरल इलेक्ट्रिकला अधिक आहे. जगाच्या कंपन्यांची कामे बंगळूरमध्ये चालतात, त्या कंपन्या बिथरल्या, बंगळूरच्या उद्योजकांनी दिल्लीच्या कारभाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट घातली, आणि दिल्लीने युद्धाची भाषा सौम्य केली. विप्रो आणि माइंडट्री या कंपन्यांच्या प्रमुखांची साक्ष त्यांनी काढली होती. व्हाइटफील्डला जनरल इलेक्ट्रिकचे मोठे संशोधन केंद्र 2000 सालीच उघडले होते, तेव्हा उदाहरण सोयीचे होते. हा लेख फार गाजला, आणि बंगळूरच्या सुशिक्षित वर्गाला तो सुखावून गेला.

मला तो सुखवीत नाही, आणि का ते स्पष्ट सांगतो. व्यापाराच्या चिंतेने दिल्लीच्या मसलतीत काही भर घातली असेल. पण सरहद्दीवरच्या बदलाचे मुख्य कारण आर्मिटेज यांनी आणलेले आश्वासन आणि वाजपेयी यांचा स्वतःचा संयम हे होते, असे घटनाक्रम सांगतो. शिवाय, परदेशी ग्राहक हेच जर शहराचे कवच असेल, तर ज्या शहरांना असे ग्राहक नाहीत त्यांचे काय? सियालकोटचे, अमृतसरचे, मुलतानचे, जम्मूचे काय? चिकपेठेत रेशमी साड्या विकणाऱ्या दुकानदाराचे आणि कृष्णराज मार्केटात पहाटे फुले घेऊन येणाऱ्या बाईचे काय, जिच्या नावावर कोणत्याही कंपनीचा कोणताही करार नाही? त्या दोघांचा समावेश त्या 3 लक्ष 15 हजारांत होतो. माणसाचा जीव वाचण्यास त्याचे कुणाला तरी उपयोगी असणे आवश्यक ठरावे, हा विचार मी स्वीकारू शकत नाही. आणि कानच्या तक्त्यापासून तो फार दूर नाही, असे मला मनापासून वाटते.

फर्नांडिस यांच्यावर मी हे खापर फोडीत नाही. ज्या तरुणाला सेमिनरीतल्या दोन पंगती सहन झाल्या नाहीत, त्याच्या अंतःकरणात माणुसकी नव्हती असे कोण म्हणेल? अण्वस्त्रे हाती आल्यावर ती भाषा पदासोबतच येते. आयझेनहॉवर यांना आली, क्रुश्चेव्ह यांना आली, मुशर्रफ यांना आली. म्हणूनच तिला बाहेरून कोणीतरी ओळखून दाखवावे लागते, आणि हे काम क्युब्रिकने केले, लक्ष्मण यांनी केले, पटवर्धन यांनी केले. बंगळूरला महात्मा गांधी मार्गालगत मिडफोर्ड हाउसमध्ये 2007 पासून व्यंगचित्रांचे एक दालन आहे. तिथे प्रवेश करायला फारसे काही लागत नाही. शहरात जाल तेव्हा तिथे अवश्य जा.

31 डिसेंबर 1988 रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या कारकिर्दीत इस्लामाबादला एक तहनामा झाला. एकमेकांच्या अणुभट्ट्यांवर आणि अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि दर वर्षी 1 जानेवारीस त्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या, असा तो करार आहे. 1992 पासून याद्या नियमाने दिल्या जातात. 1 जानेवारी 2002 रोजी दहा लक्ष सैनिक सरहद्दीवर समोरासमोर येत होते, त्या दिवशीही त्या दिल्या गेल्या. त्या याद्यांत अणुभट्ट्यांची नावे असतात. बंगळूरचे, लाहोरचे, मुंबईचे किंवा कराचीचे नाव शहर म्हणून त्यांत नसते.